पहिला बटाटा कोणी खाल्ला

आप्पासाहेबांच्या नातवाची मुंज होती. शनिवार पेठेतले सगळे जुने लोक जेवायला आले होते. पेशवाईची शेवटची वर्षं चालली होती, पण ती शेवटची आहेत हे पंगतीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. पानं मांडली होती, पहिला भात झाला होता आणि वाढपी बटाट्याची भाजी घेऊन फिरत होते.

बटाट्याचं आता कोणाला काही वाटत नसे. खडकीकडच्या मळ्यांतून तो बाजारात येई, उपासालासुद्धा चाले. वाढप्याने पळी उलटी केली तसा एक म्हातारा हसून म्हणाला, "आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आईने सालं शिजवली आणि आतला गर गाईला घातला. गाय खूश, आम्ही उपाशी."

मग प्रत्येकालाच आपापला पहिला बटाटा आठवला. एकाच्या काकूने घसा खवखवेल म्हणून तो रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. दुसऱ्याच्या आजोबांनी तो हुंगून पाहिला आणि 'याला मेलेल्या माणसासारखा मातीचा वास येतो' म्हणत उकिरड्यावर फेकला. तिसऱ्याने तर तो कच्चाच चावला होता. पंगतीत हशा पिकला.

पंक्तीच्या अग्रभागी श्रीनिवासशास्त्री बसले होते. पेठेत कोणताही धर्माचा प्रश्न आला की त्यांचा शब्द शेवटचा असे. इतका वेळ ते नुसते ऐकत होते. दुसऱ्याची गोष्ट रंगलेली मात्र त्यांना फार वेळ सोसत नसे.

"तुमचं सगळ्यांचं मागाहूनचं," ते म्हणाले. "या पेठेत बटाटा पहिल्यांदा खाल्ला तो आम्ही. सवाई माधवरावसाहेब गादीवर होते तेव्हा. तुम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं."

"काय सांगता, शास्त्रीबुवा!"

"खरं सांगतो. तुपात जिऱ्याची फोडणी, वर ओलं खोबरं. अहाहा! दोनदा मागून घेतला. एकादशी होती, पण कंद तो कंद. कंदमुळांना दोष नाही, हे आम्ही तेव्हाच सांगून टाकलं होतं."

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला यज्ञेश्वरपंत बसले होते. त्यांचा हात पानावरच थांबला.

यज्ञेश्वरपंत तरुणपणी सरकारी दप्तरात कारकून होते. मुळा-मुठेच्या संगमावर पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाचा बंगला होता, तिथे कागदपत्रं पोचवायचं काम त्यांच्याकडे असे. बंगल्याच्या बागेत सोनबा नावाचा माळी होता. एके दिवशी त्याने पंतांच्या उपरण्यात ओंजळभर मातकट गोळे टाकले.

"पंत, घेऊन जावा. बटाटा म्हणत्यात. जमिनीखालचं हाय, रताळ्यावानी. उकडून मीठ लावून खावा."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. पंतांच्या बायकोने, मुक्ताबाईंनी, ते गोळे उलटेपालटे करून पाहिले. उपासाला चालेल की नाही कळेना, म्हणून पंतांना शेजारच्या घरातल्या श्रीनिवासशास्त्र्यांना विचारायला पाठवलं. शास्त्री तेव्हा तरुण होते, नुकतेच काशीहून आले होते. ते स्वतःच उठून आले, चुलीपाशी पाट ओढून बसले आणि म्हणाले, "रताळं चालतं, सुरण चालतो, मग याने काय पाप केलं? करा."

मुक्ताबाईंनी भाजी केली. पहिला घास पंतांना बेचव लागला, दुसरा बरा लागला. त्यांची लहानगी गोदा तर बोटं चाटत राहिली. शास्त्र्यांनी दोनदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा पातेलंच पुसून खाल्लं.

चार दिवसांत पेठेत बोभाटा झाला. संगमावरून आलेलं काहीतरी पंतांनी एकादशीला खाल्लं, इथून सुरुवात झाली. मग साहेबाच्या बागेतलं खाल्लं. मग साहेबाच्या स्वयंपाकघरातलं. शेवटी साहेबाच्या ताटातलंच खाल्लं असं झालं. ओंकारेश्वराच्या देवळात ब्रह्मवृंद जमला. पंतांनी सगळं खरं सांगितलं आणि म्हणाले, "शास्त्रीबुवांना विचारा. त्यांनीच शास्त्र सांगितलं आणि माझ्याबरोबर बसून खाल्लं."

सगळ्यांनी शास्त्र्यांकडे पाहिलं. त्यांनी हातात गंगाजळ घेतलं आणि म्हणाले, "मी यांच्या घरी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. ती वस्तू मी डोळ्यांनी पाहिलेली नाही."

पंतांना वाळीत टाकलं. दप्तरातली जागा गेली. पाणवठ्यावर मुक्ताबाई आल्या की बाकीच्या बायका घागरी उचलून दूर होत. गोदाचं लग्न एका चांगल्या घरी ठरलं होतं, ते मोडलं. शेवटी पंतांनी प्रायश्चित्त घेतलं, मिशा उतरवल्या, पंचगव्य घेतलं आणि पुन्हा पंक्तीला बसले. पण गोदाला घ्यायला कोणी तयार होईना. एका तिजवराला ती द्यावी लागली. तो चार वर्षांत मेला. गोदा माहेरी परत आली ती केस काढून. अजून ती घरातच होती.

आणि आता हा माणूस जिऱ्याच्या फोडणीची चव सांगत होता.

"शास्त्रीबुवा," यज्ञेश्वरपंत म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पंगतीच्या टोकापर्यंत पोचला. "हा बटाटा आपण कोणाच्या घरी खाल्लात?"

शास्त्र्यांनी वळून पाहिलं. पंत पंगतीत आहेत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. "होतं कोणाचं तरी घर. इतक्या वर्षांची गोष्ट."

"फोडणी आठवते, खोबरं आठवतं, एकादशी आठवते. घर तेवढं आठवत नाही?"

"पंत, जेवा. भाजी निवते आहे."

"निवू दे. तेव्हा या पेठेत बटाटा एकाच घरात आला होता. माझ्या. तो खाल्ला म्हणून मला वाळीत टाकलं. आपण गंगाजळ हातात घेऊन सांगितलंत की मी पाहिलाही नाही. आता भर पंगतीत सांगता की खाल्ला. यातलं खोटं कोणतं?"

शास्त्र्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. एवढ्या वेळात त्यांना उत्तर सुचलं.

"दोन्ही खरं," ते हसत म्हणाले. "तुमच्याकडचा तो म्लेंच्छाच्या बागेतला. तो मी पाहिला नाही. माझा निराळा. अहो, बटाट्यांवर काय नावं लिहिलेली असतात?"

दोघेतिघे हसले. हसणारे तेच होते, जे देवळात शास्त्र्यांच्या मागे बसले होते.

"निराळा," पंत म्हणाले. "कुठून आला?"

"आला. आम्हाला काय कोणी देणारं नव्हतं? पंत, तुमचा राग आम्ही समजू शकतो. माणसाचं वाईट झालं की त्याला दुसऱ्याचा बटाटासुद्धा आपलाच वाटतो."

या वेळी हसणारे जास्त होते.

आप्पासाहेब यजमान. ते घाईघाईने पुढे आले. "पंत, शुभकार्य आहे. जुन्या गोष्टी कशाला? देवळातले निम्मे लोक आता हयातही नाहीत. श्रीखंड येतं आहे, स्वस्थ चित्ताने जेवा."

"आप्पासाहेब, मी यांना एकच विचारलं. त्याचं उत्तर मिळालं की जेवतो."

"मिळालं की उत्तर!"

"हो, मिळालं खरं," यज्ञेश्वरपंत म्हणाले आणि पानावरून उठले.

पंगतीतून एक जण मध्येच उठला की बाकीच्यांची पानं उष्टी धरत. तिथल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, पंतांना सगळ्यांत जास्त. "अहो, अहो! बसा!" असे आवाज झाले. आप्पासाहेबांनी त्यांचा दंड धरला. पंतांनी तो सोडवून घेतला, हातावर पाणी घेतलं आणि दाराकडे चालू लागले. मागे श्रीखंडाची पातेली घेतलेले वाढपी उभेच राहिले. एक वृद्ध सोवळेकरी पुटपुटत उठला, मग दुसरा उठला. शास्त्र्यांनाही उठावंच लागलं. धर्म सांगणाऱ्याला बसून राहता येईना.

"हा अपमान मी विसरणार नाही!" आप्पासाहेब ओरडले.

"विसरू नका," पंत वळून म्हणाले. "इथे लोक फार लवकर विसरतात."

घरी आल्यावर त्यांनी मुक्ताबाईंना सगळं सांगितलं. त्या ताक घुसळत होत्या. रवी थांबली नाही. पंतांना वाटलं होतं, ती रडेल, निदान शास्त्र्याला शिव्या तरी देईल.

"तोंडाने कबूल झाला तो," पंत पुन्हा म्हणाले. "सगळ्यांसमक्ष."

"मग? इतकी वर्षं मला काय ठाऊक नव्हतं? मीच वाढली होती."

"पण आता लोकांनी ऐकलं."

आता मात्र रवी थांबली. "लोकांनी तेव्हाही तुमचं ऐकलं होतं. तुम्हीच नंतर मिशा उतरवून पंचगव्य प्यालात. मी हात जोडून सांगत होते, घेऊ नका प्रायश्चित्त, आपण काही केलेलं नाही. तुम्ही प्यालात, तेव्हाच त्याचं खोटं खरं झालं."

"गोदासाठी घेतलं मी!"

"आणि काय मिळालं गोदाला?"

गोदा कोपऱ्यात वाती वळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझं नाव मधे घेऊ नका. दोघंही नका घेऊ." आणि वातींची टोपली उचलून माजघरात गेली.

त्या रात्री पंत जेवले नाहीत, आणि कोणी त्यांना आग्रहही केला नाही.

सकाळी मुक्ताबाई आंघोळ करून बाहेर पडल्या. बोळात पाणी भरणाऱ्या बायका होत्या, कामावर निघालेले कारकून होते. मुक्ताबाई शास्त्र्यांच्या दारासमोर उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कधी परपुरुषाशी रस्त्यात बोलल्या नव्हत्या.

"शास्त्रीबुवा, बाहेर या!"

दार अर्धवट उघडलं. शास्त्र्यांची सून डोकावली. "मामंजी पूजेत आहेत."

"पूजा होऊ दे. मी उभी आहे." आणि त्या आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागल्या. "माझ्या चुलीपाशी पाट ओढून बसलात. कंदमुळाला दोष नाही म्हणालात. दोनदा मी वाढली, तिसऱ्यांदा पातेलं तुमच्याकडे सरकवलं. तुमच्या पानात खोबऱ्याचा एक कण शिल्लक नव्हता. मग देवळात गंगाजळ हातात घेतलंत. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न ज्या घरचं मोडलं, तिथे ते ठरवताना आमच्या बाजूने पानसुपारी घ्यायला तुम्हीच गेला होतात. ही बाई खोटं बोलते असं बाहेर येऊन म्हणा. म्हणा, मी तुमच्यासमोर उभी आहे."

बोळातल्या घागरी जागच्या जागी थांबल्या होत्या. आतून घंटेचा आवाज येत होता. तो बंद पडला. शास्त्री बाहेर आले नाहीत. सुनेने दार लोटलं आणि आतून कडी घातली.

मुक्ताबाई घरी परतल्या. बायकांनी त्यांना वाट करून दिली. पूर्वी घागरी उचलून दूर होत, तशी नव्हे, पण जवळही कोणी आली नाही.

पुढे काही दिवस पेठेत दुसरा विषय नव्हता. शास्त्र्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. सभाही भरली नाही. पण बोळातली पोरं त्यांना पाहिलं की 'बटाटे, बटाटे' ओरडून पळत. एका वाटणीच्या तंट्यात पूर्वीप्रमाणे शास्त्री शपथ घ्यायला उभे राहिले, तर समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "शपथ राहू दे, बुवा. साक्षीदार दुसरा बघू." हे मात्र त्यांना फार लागलं.

महिन्याभराने आप्पासाहेब स्वतः पंतांकडे आले. ओसरीवर बसले, पण पाणी घेतलं नाही.

"शास्त्री देवळात येऊन सांगायला तयार आहेत," ते म्हणाले. "म्हणजे, आपल्याला त्या वेळी विस्मरण झालं असावं, इतकं. तुम्हीही पंगत मोडल्याबद्दल दोन शब्द बोला. झालं, मिटलं."

"विस्मरण?"

"शब्दाला कशाला धरता? वयाने मोठे आहेत."

पंतांनी आत पाहिलं. मुक्ताबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी काहीच खूण केली नाही. यावेळी त्या नवऱ्याला काही सांगणार नव्हत्या.

"आप्पासाहेब, खोटं बोललो म्हणावं, एवढे दोनच शब्द. नाहीतर येऊ नका."

"हट्ट करू नका, पंत. तुम्हाला यापुढे पेठेत कोणी पानावर बोलावणार नाही."

"सवय आहे."

आप्पासाहेब उठले. दाराबाहेर पडताना म्हणाले, "एका भाजीपायी!" दाराआडून मुक्ताबाईंचा आवाज आला, "भाजी चांगली झाली होती. विचारा त्यांना."

शास्त्री देवळात गेले नाहीत. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच होती. इकडचं खोकणं तिकडे ऐकू येई. तरी त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

भाद्रपदात पंतांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. दरवर्षी पेठेतले ब्राह्मण येत. या वर्षी पंतांनी कोणालाच आमंत्रण दिलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. वाघोलीहून मुक्ताबाईंचा भाऊ दोन भटजींना घेऊन भल्या सकाळी बैलगाडीने आला. गाडी बोळात शिरली तेव्हा शास्त्री आपल्या ओट्यावर पाय बोळात पसरून बसले होते. रस्ता अरुंद, त्यांनी पाय आत घेतल्याशिवाय गाडी पुढे जाईना. गाडीवानाने दोनदा हाक दिली. शास्त्र्यांनी पाय घेतले नाहीत.

यज्ञेश्वरपंत दारात आले, त्यांनी एकदा शास्त्र्यांकडे पाहिलं, आणि भटजींना तिथेच उतरून चालत यायला सांगितलं.