शॉवर कॅपमधला राखणदार

मित्रांनो, मी एक जुना स्मोक अलार्म आहे. जन्मतः पांढरा, आता उतारवयात चहाच्या डागासारखा पिवळट. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका घरात, बैठकीच्या खोलीच्या छताला चिकटून मी आयुष्य काढलं. माझ्या पोटात एक बॅटरी आणि डोक्यात एकच विचार : धूर. कारखान्यात मला दुसरं काही शिकवलंच नाही.

गिरीश आणि उत्तरा या पुण्याच्या जोडप्यानं घर घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात वांगं भाजलं. मी बोंबललो. गिरीशनं टॉवेल फडकवला. मग मिरच्यांची फोडणी झाली, मग गणपतीतला धूप. शेवटी त्यानं हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप माझ्या तोंडावर चढवली. पाहुणे वर बघत, पण काही विचारत नसत. त्यांच्याही घरी तेच होतं.

एकदा टोपी फाटलेली असताना उत्तरा आटवायला ठेवलेलं दूध विसरून फोनवर बोलत बसली. मी ओरडलो. पातेलं गेलं, घर वाचलं. दोन दिवस माझं कौतुक झालं. मग नवी टोपी आली.

२००७ च्या हिवाळ्यात त्यांची मुलगी हिमानी शाळेत लॅटिन शिकत होती. एके दिवशी ती घरी आली ती धुमसतच. त्या धुराला मी ओरडत नाही. गिरीशची आई, सुलभाआजी, तेव्हा पुण्याहून आली होती. ती वाती वळत बसली होती.

"आजी, सर म्हणाले, रोमन लोकांची पूजा म्हणजे नुसती मशीनसारखी. एक शब्द चुकला की सगळं पहिल्यापासून. म्हणे, दे डिडंट मीन इट! मग तू रोज करतेस ते?"

"तुझी आई रोज डबा भरते," आजी म्हणाली. "भरताना काय रोज गहिवरते? पण मीठ घालायला विसरत नाही."

हिमानीनं ठरवलं. घरच्या देवांची रोमन पूजा, एकही चूक न करता, सरांसमोर पुरी करून दाखवायची. तिनं सरांना आणि सगळ्या वर्गाला शनिवारी घरी बोलावलं.

लार नावाचे ते घरचे देव तिनं मातीचे केले. पेला उंचावून नाचणारे.

"नाचू देत हो," आजी म्हणाली. "आपले बसून बसून अवघडलेत."

वाइनच्या जागी द्राक्षाचा रस आला. डोकं झाकायला उत्तराची पांढरी ओढणी आली. पूजेला डोक्यावरून वस्त्र लागतं हे ऐकून आजीनं रोमनांना आपल्यात घेऊन टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी वाद झाला तो माझ्यावरून.

"टोपी राहू दे," गिरीश म्हणाला. "अपशकुनी आवाज ऐकू येऊ नये म्हणून रोमन लोक पूजेत बासरीवाला बसवायचे. तूच सांगितलंस ना? ही आपली बासरी."

"बाबा, दॅट्स चीटिंग."

"काढ रे गिरीश," आजी म्हणाली. "घरच्या देवांची पूजा आणि घरच्या राखणदाराचं तोंड बांधलेलं? शोभतं का?"

राखणदार! मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. टोपी निघाली.

शनिवारी खोली भरली. हिमानीनं आधी दाराच्या देवाला, यानुसला हाक मारली. मग निखाऱ्यावर ऊद घातला आणि मी ओरडलो. मित्रांनो, मला गप्प बसता येत नाही. ती थांबली, हात धुतले, ओढणी सारखी केली आणि पहिल्यापासून सुरू झाली. मी परत ओरडलो. मुलं हसली. "ड्यूड, बॅटरी काढ ना," कुणीतरी इंग्रजीत सुचवलं. पुढच्या खेपेला ती मधाच्या वड्यांच्या नैवेद्यापर्यंत पोचली होती. मी ओरडलो. आता कुणी हसलं नाही. गिरीश टोपी घेऊन उठला. हिमानीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो खाली बसला.

मग आजी उठली. गिरीशचं जाडजूड जॅकेट अंगात चढवून तिनं डेकचं काचेचं दार सताड उघडलं. बर्फाचा वारा आत घुसला. "जॅकेटं घाला सगळ्यांनी," ती मराठीत म्हणाली. सगळ्यांना समजलं.

हिमानीनं पुन्हा हात धुतले. यानुस झाला, लार झाले. धुराची एक बारीक दोरी सरळ माझ्याकडे निघाली. माझ्या हातात काहीच नव्हतं. ती अगदी जवळ आली, डगमगली आणि दाराकडे वळली. हिमानीनं शेवटी चुलीच्या देवीला, वेस्ताला, रस वाहिला आणि डोक्यावरची ओढणी काढली. पूजा पुरी झाली होती.

सरांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "बॅटरी का नाही काढलीस?"

"देन हू वुड बी लिसनिंग?" हिमानी म्हणाली.

दार लावायला सरच उठले.

रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवशी घरच्या देवांना हार घालत. त्यानंतर हिमानी दर पहिल्या तारखेला खुर्चीवर चढून माझं बटण दाबायची. मी ओरडायचो, ती मान डोलवायची. पुढे आजी पुण्याला गेली, हिमानी कॉलेजला. आता बॅटरी संपत आल्याचं मी मधूनमधून चिवचिवून सांगतो. गिरीश टीव्हीचा आवाज वाढवतो.

मित्रांनो, तुमच्याही छतावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला हार नको. पहिल्या तारखेला त्याचं बटण तेवढं दाबा. मन लावून दाबलं नाही तरी चालेल. पण दाबा.