अडगळीतला भाऊ

संस्थानिक इतका एकटा होता, की त्याची सावलीसुद्धा कंटाळून शेजारच्या टेबलाशी जाऊन बसे. खोटं वाटत असेल तर प्रयोगशाळेत कुणालाही विचारा. अनाथ मुलांच्या संस्थेत वाढला, म्हणून हे नाव त्याने स्वतःच लावून घेतलं होतं. दुसऱ्यांनी काही म्हणायच्या आत आपणच हसून मोकळं झालेलं बरं.

काम डीएनए वाचायचं. विभागप्रमुख बाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, की माणसाच्या डीएनएतले शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग प्रथिनांची कृती सांगतच नाहीत. पूर्वी त्याला सरसकट अडगळ म्हणत. आता कळलंय, की त्यातले काही दिव्याच्या बटणासारखे जनुकं चालू-बंद करतात. उरलेले कशाला आहेत, यावर विद्वानांची अजून हमरीतुमरी चालू आहे. संस्थानिकाला ही अडगळ आवडे. त्याला स्वतःला कुणीतरी पायरीवर ठेवून गेलं होतं, पण जाताना ही मात्र भरभरून दिली होती.

या अडगळीत काही अक्षरं तोतऱ्या माणसाच्या बोलण्यासारखी पुन्हापुन्हा येतात. कुठे किती वेळा, त्यावरून नातं कळतं. हाताळणाऱ्याची थुंकी नमुन्यात पडली तर ओळखू यावी, म्हणून यंत्रात प्रत्येक कर्मचाऱ्याचा डीएनए नोंदवलेला असे. एके दुपारी यंत्राने एका नमुन्यासाठी संस्थानिकाकडे बोट दाखवलं.

बाई वैतागल्या. एवढी वर्षं झाली, शिंकताना तोंड झाकायला शिकला नाहीत का, म्हणाल्या. त्याने निमूटपणे नमुना पुन्हा चालवला. दोन मास्क, दोन-दोन हातमोजे, आणि श्वास असा रोखलेला, की शेजारची सहकारीण डॉक्टर बोलावायला निघाली. उत्तर तेच. मग बाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. थुंकी असती तर सगळंच जुळलं असतं. इथे बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जाणारं तेवढं हुबेहूब होतं, बाकीचं साधारण निम्मं.

“अहो, हा तुमचा सख्खा भाऊ दिसतोय,” बाई हळूच म्हणाल्या.

संस्थानिक मटकन स्टुलावर बसला. तिथे स्टूल नव्हतं, तरी बसला.

नमुना संशोधनासाठी दिलेला, त्यावर नुसता क्रमांक. नाव उघडायला बंदी. बाईंनी वरच्यांशी भांडून एवढंच मिळवलं, की त्या गृहस्थाला विचारावं, एक भाऊ निघालाय, भेटायचं का? उत्तर येईपर्यंत संस्थानिक रस्त्यात लोकांचे कान बघत हिंडला. आपल्यासारखे बाहेर आलेले कान दिसले की मागे मागे जाई. एकदा असाच एका माणसामागून न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि गरज नसताना केस कापून आला. तो भाऊ नव्हता, हे कानांपेक्षा नाकावरून कळलं.

शेवटी बाईंनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं.

“भेटायचं नाही म्हणतात. म्हणाले, मला आधीच तीन सख्खे भाऊ आहेत, एकाशीही बोलणं नाही. आणखी एक घेऊन काय करू?”

हा आता रडणार, असं वाटून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. संस्थानिकाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो बोटं मोजत होता.

“म्हणजे ते धरून चार,” तो म्हणाला.

पुढे त्याच्या शेजारी नवं बिऱ्हाड आलं. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्या बिऱ्हाडातल्या बाईंनी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या?

“आम्ही पाच भाऊ,” संस्थानिक कुलूप उघडत, घरच्यांना विटलेल्या माणसाच्या सुरात म्हणाला. “पण कुणाचं कुणाशी पटत नाही हो.”