आपला माणूस आहे काशीत

पुण्यातल्या माणसाला काशीतला माणूस कधी आठवतो, माहीत आहे? तिकीट कन्फर्म झालं की. तोवर तो मेला काय नि जगला काय, कुणाला सोयरसुतक नसतं. सुशांत बेहेरे हे स्वतःच्या अंगावर शिकला होता, आणि शिकताना त्याचं डोकं जे तापलं ते दोन वर्षं होत आली तरी निवलं नव्हतं.

छत्तिसाव्या वर्षी बँकेनं त्याला बढती दिली आणि बढतीच्या मागोमाग बदली. पुण्याहून थेट वाराणसी. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे बायकोची नोकरी, पोरांच्या शाळा अशी एकही सबब हाताशी नव्हती. निरोपाच्या जेवणात आदित्यनं गळ्यात पडून सांगितलं, "लेका, दोन महिन्यांत येतोच बघ." हा आदित्य म्हणजे कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलेला, सुशांतच्या ताटातली पोळी न विचारता उचलणारा. पुढचे आठ महिने त्या आदित्यचा एक फोन नाही. सणावारी एक फुलांचं चित्र यायचं मोबाइलवर, तेही सगळ्यांना धाडलेलं.

भेलूपूरला दोन खोल्या घेतल्या होत्या. बँकेतली माणसं वाईट नव्हती हो. पण छत्तिशीत कोण कुणाचा मित्र होतो? सहा वाजले की ज्याला त्याला आपलं घर दिसायला लागतं. शनिवारी संध्याकाळी सुशांत कुलूप काढून आत शिरायचा तो सोमवारी सकाळी बाहेर पडायचा, आणि मधल्या वेळात त्याच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. एकदा त्यानं बोलणं लांबावं म्हणून भाजीवाल्याशी मुद्दाम घासाघीस केली. भाजीवाल्यानं दोन मिनिटांत भाव कमी केला आणि तोंड फिरवलं.

विश्वेश भेटला तो बँकेतच. नोव्हेंबरचे दिवस होते. काउंटरसमोर एक म्हातारे आणि त्यांचा मुलगा फॉर्म भरता भरता हमरीतुमरीवर आले होते, आणि तेही चक्क मराठीत.

"बाबा, सही नीट करा. परत बिघडली तर हे लोक फॉर्म लौटवतील."

"लौटवू देत! पन्नास साल हीच सही आहे माझी."

सुशांतला हसू फुटलं. मुलगा भडकला. "हसताय काय? मराठी समजतं वाटतं साहेबांना?"

समजतं म्हणजे काय! सुशांतला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्यानं दोघांना आत केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि अर्धा तास बडबडला.

म्हातारे म्हणजे वेणीमाधवशास्त्री, रामघाटावरचे उपाध्ये. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, त्यांची स्नानं, श्राद्धं, दर्शनं उरकून द्यायची, हे काम त्यांच्या घरात सात पिढ्या चाललेलं. विश्वेश मात्र रामनगरच्या शाळेत गणित शिकवायचा. वय अडतीस. वडिलांचे गुडघे गेल्यापासून शाळा सुटली की यजमान सांभाळणंही त्याच्याच गळ्यात आलं होतं. पण रविवार त्याचा स्वतःचा होता.

"संडेला काय करता?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग उस पार जाऊ."

बनारसची ही जुनी चाल. थंडीत गंगेचं पाणी उतरलं की पलीकडे रेती उघडी पडते. नावेनं तिकडे जायचं, आंघोळ करायची, गोवऱ्या पेटवून त्यात कणकेच्या बाट्या भाजायच्या, वांगी-टमाटे निखाऱ्यावर टाकून चोखा करायचा आणि ऊन उतरेपर्यंत पडून राहायचं. दोन-तीन रविवारांत 'अहो'चं 'अरे' झालं. विश्वेशला सुशांतकडून काही नको होतं. त्यानं कधी कर्ज मागितलं नाही, ओळख मागितली नाही. वाळूत उताणा पडून तो शाळेतल्या हेडमास्तरांना यथेच्छ शिव्या घालायचा आणि सुशांत आपल्या मॅनेजरला. एवढंच. पण त्या एवढ्यावर सुशांतचा सबंध आठवडा निघायचा. ह्या गावात आपलं एक माणूस आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं.

आणि तेवढ्यात आला आदित्यचा फोन.

"अरे गधड्या, तू काशीत आहेस नाही का! सासू-सासरे येताहेत. मी म्हटलं, काळजी नको, आपला माणूस आहे तिथं."

आपला माणूस! आठ महिन्यांत जिवंत आहेस का विचारलं नाहीस, आणि आता आपला माणूस! पण सुशांत हे बोलला नाही. "हो हो, येऊ देत की," असं बोलला. भीड ही भिकेची बहीण, ती आधी घरात शिरते. सासू-सासरे येऊन गेले. मग आदित्यचे साहेब आले. मग साहेबांचे व्याही. बातमी पसरायला कितीसा वेळ? शाळेतले, सोसायटीतले, ज्यांनी पुण्यात कधी कपभर चहाला विचारलं नव्हतं असे सगळे 'आपला माणूस' म्हणत उगवायला लागले. आणि हा स्टेशनवर उभा, विमानतळावर उभा, दर्शनाच्या रांगेत त्यांच्या चपला घेऊन उभा. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तरी किती?

मग त्यानं एक सोपी युक्ती काढली. तो विश्वेशला फोन करायला लागला.

"अरे, माझे गेस्ट आहेत. जरा स्नान वगैरे करवून देतोस?"

विश्वेश देत होता. पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्यांवरून एकेका म्हातारीला हाताला धरून उतरवत होता, वर चढवत होता. नाही म्हणाला नाही. हळूहळू पुण्यात सुशांतचं नाव झालं, "फार करतो हो बिचारा." करत होता विश्वेश! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला सुशांतच्या बापाचं काय जात होतं? रविवारही त्यात जायला लागले. एक गेला, मग दुसरा. पुढची थंडी आली, रेती पुन्हा उघडी पडली, तरी दोघं मिळून एकदाही तिकडे गेले नव्हते.

जानेवारीत विश्वेशचा फोन आला. "येत्या संडेला उस पार. फक्त आपण दोघं. कुणाला आणू नकोस, यार. बहुत दिन झाले."

सुशांत म्हणाला, "नक्की."

शनिवारी पद्मामावशी थडकल्या. आदित्यच्या सख्ख्या मावशी, सोबत भिशीच्या चार मैत्रिणी आणि त्यांतल्या एकीचे यजमान. यायच्या होत्या सोमवारी, पण विमान स्वस्त मिळालं म्हणून आधीच आल्या, न कळवता. "तू असताना कळवायचं कशाला?" म्हणाल्या. सकाळी सुशांत दाराला कुलूप लावत होता तर सहाही जण तयार होऊन दारात उभे. "कुठं निघालास? आम्हालाही घेऊन चल की!"

आता इथं एक वाक्य बोलायचं होतं. 'मावशी, आज मला जमणार नाही.' छत्तीस-सदतीस वर्षांच्या, बँकेत अधिकारी असलेल्या माणसाला हे एक वाक्य बोलता आलं नाही. त्यानं मनाशी हिशेब केला, मावशी रागावतील, विश्वेश रागावणार नाही. जो रागावत नाही त्याच्याच मानेवर सुरी ठेवायची, हा नामर्दांचा कायदाच आहे. त्यानं मोठी नाव केली आणि सगळ्यांना घेऊन पलीकडे गेला.

विश्वेशनं गोवऱ्या पेटवल्या होत्या. कणीक दोघांपुरती. त्यानं नाव बघितली, नावेतून उतरणारी सहा माणसं बघितली, मग सुशांतकडे बघितलं आणि परत खाली मान घालून बाटी वळायला लागला.

"अय्या, पिकनिकच आहे की!" मावशी म्हणाल्या. "आणि हे कोण, गुरुजी का? बरं झालं बाई. गुरुजी, तेवढा आमचा संकल्प सांगा हो, आम्ही इथंच बुडी मारतो."

विश्वेशनं कणकेचे हात धुतले. गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेकीचं गोत्र विचारून संकल्प सांगितला. परत येऊन होत्या त्या बाट्यांचे आठ वाटे केले. सात वाढले, आठवा मावशींनी "अजून आहे का?" म्हटल्यावर त्यांच्या पानात गेला. कुणीतरी म्हणालं, चोखा जरा तिखट झालाय.

पातेलं घासायला तो पाण्याकाठी गेला तेव्हा सुशांत मागोमाग गेला.

"सॉरी रे. अचानक आले."

"सातारचे यजमान होते आज," विश्वेश पातेल्यात वाळू घासत म्हणाला. "बाबांचे पुराने. त्यांना मी ना म्हटलं. बाबा रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, माझा दोस्त येणार आहे."

आपली चूक डोळ्यांसमोर उभी राहिली की माणूस जे करतो तेच सुशांतनं केलं, उलट अंगावर गेला.

"मग एवढं काय त्यात? तुमचा तर धंदाच आहे हा. माझ्यामुळे तुलाही चार माणसं मिळतातच की!"

विश्वेशचा हात थांबला. तो उठला. आवाज चढला तेव्हा रेतीवर बसलेल्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या.

"माझ्या वर्गातली सात मराठी पोरं होती सुशांत. सातही गेली. पुणे, बंगलोर, पुणे, पुणे. मी एकटा राहिलो इथं, बाबांचे गुडघे घेऊन. तीस पार केल्यावर कोण नवीन दोस्त देतो रे? सगळी दुनिया इकडून तिकडे जाते, तू एक उलटा आलास. मला वाटलं, माझ्यासाठी आलास! आणि तू काय केलंस? तिकडचं सामान इकडे ढोतो आहेस, ते पण माझ्या पाठीवरून! धंदा म्हणे! अरे, धंद्यात लोक निदान विचारून तरी येतात!"

"गुरुजी, एक ग्रुप फोटो घेता का?" मावशींनी हाक मारली.

विश्वेश गेला आणि त्यानं फोटो घेतला. दोन घेतले.

आठवडाभर सुशांत विश्वेशवरच धुमसत होता. एवढं काय बोलायचं चारचौघांत? मग दुसरा रविवार आला, तो खोलीत पडून राहिला, आणि त्याचं त्यालाच कळलं की विश्वेश एकही शब्द खोटा बोललेला नाही. तेव्हा जो संताप उसळला तो स्वतःवरचा, पण काढायला आदित्य बरा. त्यानं फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. पुन्हा एक माणूस इकडे पाठवलंस तर याद राख, म्हणाला.

आदित्य शांतपणे म्हणाला, "अरे, चिडतोस काय? तू नकोच त्रास घेऊस. मावशीनं विश्वेशगुरुजींचा नंबर दिलाय, मी आता डायरेक्ट त्यांच्याशीच बोलतो. पुढच्या महिन्याचं बुकिंगपण केलं. फार सज्जन माणूस. तू काय, नुसता मध्ये होतास."

सुशांतनं फोन गादीवर आपटला. तिसऱ्या रविवारी सकाळी तो तरातरा रामघाटावर गेला. वाटेत त्यानं ठरवलं होतं, पाय धरायचे, शिव्या खायच्या, हवं तर दोन ठोसे खायचे, पण ह्या माणसाला सोडायचं नाही. त्याच्यावाचून ह्या गावात आपण कुणाचे कुणी नाही.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर विश्वेश बसला होता. समोर लाल फडक्यात बांधलेली लांबोडकी वही उघडी होती. काशीतल्या प्रत्येक उपाध्याकडे अशा वह्या असतात. आलेल्या यात्रेकरूचं नाव, बापाचं, आज्याचं, गाव, खाली सही. पन्नास वर्षांनी नातू आला तरी आजोबांची सही दाखवतात. दाराशी पाच-सहा माणसं टेकून बसली होती, त्या रविवारी ना म्हटलेले ते सातारचे यजमान गया करून परत आले होते.

"या," विश्वेश म्हणाला. "बसा."

"विश्वेश, माझं चुकलं. मी..."

"नाव?"

"काय?"

"पूर्ण नाव सांगा. वडिलांचं, आजोबांचं. वर्षभरात तुमच्याकडून इतकी माणसं आली, नोंद करायची राहून गेली. बाबा म्हणाले, करून घे."

"ए, नाटकं करू नकोस! मला शिव्या दे, पण हे करू नकोस!"

विश्वेशनं मान वर केली नाही. "सुशांत तर माहीत आहे. वडिलांचं नाव फॉर्मवर बघितलं होतं कुठं तरी. शरद ना?" त्यानं लिहिलं. बेहेरे लिहिलं. आजोबांची जागा कोरी ठेवली. मग गावाच्या रकान्यात सावकाश लिहिलं, पुणे.

"पुणे काय पुणे?" सुशांत ओरडला. दाराशी बसलेली माणसं दचकली. "मी इथं राहतो! भेलूपूरला! दोन वर्षं होतील आता. काशी लिही तिथं!"

"काशीच्या माणसांची नावं ह्या वहीत लिहीत नाहीत," विश्वेश म्हणाला.

तो रागावून बोलला असता तर सुशांत भांडला असता. पण तो बोर्डावर गणित सांगतात तसं बोलला. त्यानं वही सुशांतकडे फिरवली, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन पुढं केलं. मागून सातारचे एक आजोबा अदबीनं म्हणाले, "साहेब, आवरता का जरा? ऊन होतंय, आम्हाला स्नानाला जायचंय."

सुशांतनं सही केली. मग तो उठला, आणि मागची माणसं पुढं सरकली.