उंबरा सोडवणे

रुवेलाने दोन्ही हात राखेत बुडवले आणि टोपलीतली सगळ्यांत चपळ वाम मानेपाशी घट्ट धरली. वाम तिच्या मनगटाला वेटोळे घालू लागली. रुवेलाचे तिकडे लक्ष नव्हते. अंगणातल्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला माणूस सकाळपासून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"साक्षीसाहेब, माझ्या तोंडाला शेवाळ लागलंय का?"

"नाही हो, मावशी. मी आपला बसलोय."

"आपला? कुणाचा?"

दाल्मोक हसला आणि लगेच गंभीर झाला. तो ओर्मिया संघाचा साक्षी होता, राजधानीहून नावेने आला होता. त्याच्याजवळ ना कागद होता ना दौत. ऐकणे एवढेच त्याचे काम होते, आणि जे ऐकायचे ते अजून कुणी बोलले नव्हते.

खाली धक्क्यावर इस्वेन येरझारा घालत होती. रुवेलाची ही धाकटी मुलगी. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, पण चाल लहानपणचीच, एका जागी न ठरणारी. धक्क्याच्या टोकाला जायची, पाण्यात डोकावायची, वळायची. भरती चढत होती. ती पुरी चढली की नाव सुटणार होती आणि उद्या राजधानीत इस्वेन संघाची अध्यक्ष म्हणून शपथ घेणार होती. आज आईने तिचा उंबरा सोडवला, तरच. नाहीतर निवड रद्द.

रीत जुनी होती. अध्यक्ष अकरा प्रांतांपैकी कुठल्याच प्रांताचा नसावा, असे संघ बांधणाऱ्यांनी ठरवले होते. पण माणूस कुठल्या तरी घरातच जन्माला येतो. म्हणून त्यांनी तोड काढली. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्याने निवडून आलेल्या माणसाला आपल्या 'आपण'मधून बाहेर काढायचे. 'तू'चे 'तुम्ही' करायचे आणि त्याच्यासमोर, त्याला वगळून, 'आम्ही' म्हणायचे. वाक्य कुणी शिकवायचे नाही. शिकवलेले नुसते ओठांतून येते, असे ते म्हणत. रागात बोललेले धरत नाहीत, टोमणा धरत नाहीत. पाहुण्याशी बोलावे तसे सहज आले पाहिजे, आणि ते साक्षीने व त्या माणसाने, दोघांनीही ऐकले पाहिजे. त्यानंतर सहा वर्षे अध्यक्षाने त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. लग्नाला नाही, मयतीलाही नाही.

रुवेलाने ऐंशी कधीच ओलांडली होती.

काश्ती, तिची थोरली सून, पिठाचे हात घेऊन दारात आली. नवरा गेल्यापासून ती सासूबरोबर याच घरात राहत होती, आणि तिची जीभ सासूच्या तोडीची होती.

"आत्याबाई, हे काय चालवलंय? सकाळपासून नुसतं 'पाणी हवंय का', 'ऊन लागतंय का'. तू नाही, तुम्ही नाही. वाक्यांचे हातपाय तोडून फेकताय नुसते."

"तुला गं कसली घाई? नणंद अध्यक्ष झाली की चांदीची चूल येणार आहे का तुला?"

"चूल घाला पाण्यात. माझा लेक त्या पुलावर बंदूक घेऊन उभा आहे."

रुवेलाने सुरी फिरवली आणि वाम दोन फाकांत उघडली. काल्तो आणि दुरीन या दोन प्रांतांमधल्या पुलावर दोन्हीकडून माणसे उभी होती आणि मध्ये संघाचे शिपाई. हिवाळ्यात जुने अध्यक्ष वारले, तेव्हापासून त्यांना मागे बोलावणारे कुणी उरले नव्हते. सगळा वसंत भांडून झाल्यावर अकरा प्रांतांचे एका नावावर जमले होते, ते इस्वेनच्या. तरुणपणी ती कालव्यांच्या खात्यात असताना याच पुलावर असेच पेटले होते. तिने पुलाच्या मधोमध चूल मांडली आणि वामीचा रस्सा शिजवत ठेवून ती तिथेच बसून राहिली. शेवटी दोन्हीकडची माणसे जेवायला आली. रस्सा खारट झाला होता, हे त्या दोन प्रांतांचे एकमत झालेले एकमेव मत, असे लोक अजून सांगत.

रुवेलाला मात्र दुसरेच आठवत होते. ती परकरी पोर असताना पलीकडच्या धक्क्यावरचा येर्दू अध्यक्ष झाला होता. त्याच्या म्हाताऱ्या बापाने जाळे विणता विणता मान वर केली आणि म्हणाला होता, "तुम्ही जरा बाजूला व्हा, आम्हाला उजेड हवाय." झाले. सगळा गाव टाळ्या वाजवत होता. सहा वर्षांनी येर्दू परत आला तेव्हा बाप जिवंत होता. खुर्ची पुसून दिली त्याने मुलाला. पुन्हा 'तू' म्हणायची मुभा होती, पण म्हाताऱ्याची जीभ काही वळली नाही. मरेपर्यंत तो आपल्या मुलाला "तुम्ही जेवलात का?" असेच विचारत राहिला. लोक हसायचे. रुवेलाही हसायची तेव्हा.

इस्वेन धक्क्यावरून वर आली. अंगावर संघाचा निळा कोट होता. तो तिला खांद्यात घट्ट होत होता.

"आई, पाणी तिसऱ्या कडीला आलं."

"येणारच. भरती आहे."

"बोल ना गं एकदा. एक वाक्य आहे."

"एक वाक्य म्हणे! सहा वर्षं गिळायला बसलंय ते एक वाक्य."

"मी पत्र पाठवीन."

"कुणाला? 'नेल्व्हार प्रांत, धक्क्याजवळची म्हातारी' असं लिहिशील? मी गेल्यावर इथे मातीला कोण उभं राहणार? हे साक्षीसाहेब?"

"तू एवढ्यात नाही जायचीस."

"वा! अध्यक्षांचा पहिला हुकूम निघाला." रुवेलाने सुरी हवेत धरून मान लववली. "अहो बाईसाहेब, उभ्या का तुम्ही? आम्हा गरिबांच्या अंगणात बसा की!"

दाल्मोक बाकावरून अर्धा उठला.

"बसा खाली," रुवेला म्हणाली. "टोमणा होता."

दाल्मोक बसला. काश्तीने पिठाचा हात तोंडावर दाबला, पण हसू बाहेर आलेच. इस्वेन हसली नाही. ती अंगणाच्या कडेला गेली, परत आली, कुंपणाची एक सैल फळी हलवून पाहिली, पुन्हा नदीकडे वळली. पुलाची दिशा तिकडेच होती. पूल इथून दिसत नव्हता, तरी सकाळपासून प्रत्येकजण एकदा तरी तिकडे बघून आला होता.

नावाड्याने खालून हाक दिली. दोर सोडायला घेतले होते.

इस्वेनने कोट काढला. घडी घालून तो दाल्मोकच्या शेजारी बाकावर ठेवला, बाह्या वर सारल्या आणि आईच्या समोर पाटावर बसली. हात राखेत बुडवले. टोपलीतून एक वाम उचलली.

"साक्षीसाहेब, नाव जाऊ द्या," ती म्हणाली. "मी राहते. आई, आपण दोघी मिळून संपवू ही टोपली."

आपण दोघी. सकाळपासून रुवेलाला हेच हवे होते. तिने पुढची वाम घेतली. दोघींच्या सुऱ्या एका लयीत चालू लागल्या. इस्वेनचा हात अजून बसलेला होता, काटा मोडत नव्हती. काश्ती दारातून आत गेली. आतून पीठ आपटल्याचा आवाजही आला नाही.

थोड्या वेळाने रुवेलाला दिसले, ताटलीतली राख हलते आहे. पृष्ठभागावर बारीक बारीक थरथर. वारा नव्हता. तिने खाली पाहिले. इस्वेनची टाच जमिनीवर नाचत होती. चेहरा शांत, हात शांत, आणि टाच एकसारखी आपटत होती, तिचे तिलाही ठाऊक नसल्यासारखी.

ही टाच रुवेलाच्या ओळखीची होती. व्होर्लानला, तिच्या नवऱ्याला, दूरच्या सफरीची मोठी बोट चालवायला बोलावणे आले होते, तेव्हा थोरला पोटात होता. ती फक्त म्हणाली होती, "राहा ना." तो राहिला. पुढे आयुष्यभर त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. जेवताना मात्र मेजाखाली त्याची टाच वाजायची. ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. तो थांबायचा आणि म्हणायचा, "चुकलं हं." तिला सगळे सोसवले होते. ते 'चुकलं' तेवढे कधी सोसवले नाही.

रुवेलाचा हात इस्वेनच्या गुडघ्याकडे गेला. मध्येच थांबला. तिथून वळून त्याने इस्वेनसमोरची राखेची ताटली अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "कशाला हात खराब करता तुमचे? आम्ही करू."

आवाजात कुठे धार नव्हती. वाटेवरून जाणारी एखादी भली बाई मदतीला बसली असती, तर तिला म्हटले असते तसेच.

दाल्मोक लगेच उठला नाही. वाक्य संपल्यावरही तो थोडा वेळ ऐकत राहिला, मागे टोमण्याचे काही उरले आहे का ते. उरलेले नव्हते. मग तो उभा राहिला आणि इस्वेनकडे वळला.

"ऐकलंत?"

इस्वेनची मान खाली होती. सुरी अर्ध्या चिरलेल्या वामीत तशीच होती. टाच थांबली होती.

"नाही," ती म्हणाली.

"मी स्पष्ट ऐकलं."

"तुम्ही ऐकलं असेल. मला नाही ऐकू आलं."

दाल्मोकने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खालून नावाड्याने पुन्हा हाक दिली, या वेळी वैतागून.

रुवेला उठली. गुडघे वाजले. पदराला हात पुसत ती टोपलीला वळसा घालून आली आणि इस्वेनच्या कानाशी वाकली.

"कान जड झालेत वाटतं तुमचे," ती मोठ्याने म्हणाली. "वयच झालं हो तुमचंही. आम्ही करू म्हटलं! उठा, नाव चुकेल तुमची."

इस्वेनला हसू फुटले. सकाळपासून पहिल्यांदाच. आवरायला म्हणून तिने हात तोंडावर नेला आणि गालावर राखेचा पट्टा उमटला. ती हसत राहिली, खांदे हलत राहिले, आणि त्यात सुरी हातातून कधी गळली ते तिला कळले नाही. दाल्मोक कोट धरून उभा होता. त्याने घाई केली नाही.

"ऐकलं," ती शेवटी म्हणाली.

आत दाराआड काश्तीने हुंदका दिला की सुस्कारा सोडला, ते बाहेर नीट समजले नाही.

इस्वेन उठली. कोट चढवला. तिच्या गालावरचा पट्टा पुसायला रुवेलाचा हात वर गेला होता, पण पाहुण्याच्या तोंडाला कुणी हात लावत नाही. तो पुन्हा खाली आला. दाल्मोक पुढे झाला. फाटकाशी पोचल्यावर इस्वेन वळली. 'येते' म्हणायला तिने तोंड उघडले आणि मिटले. ती एकदा अंगणाकडे, एकदा टोपलीकडे बघत राहिली.

"मासे छान आहेत तुमचे," ती म्हणाली.

"ताजे आहेत," रुवेला म्हणाली.