सिस्टरच्या डोळ्यावरची रांजणवाडी

डोळ्यावर रांजणवाडी उठली आणि एदिल्माला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. माग्दालेना नदीकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की रांजणवाडी कुणाला होते. जो गरोदर बाईच्या तोंडचा घास काढतो, त्याला! आणि आरोग्य केंद्रातल्या या एकुलत्या एक नर्सने तर गेल्याच आठवड्यात भर चौकात गरोदर युलिएतच्या हातातली खोबऱ्याची वडी हिसकावून घेतली होती.

"देवाने पाहिलं हं, सिस्टर!" मासळीवाला टोपलीआडून ओरडला.

"त्या देवाला म्हणावं, खाली ये आणि युलिएतची साखर तू मोज!" एदिल्मा फणकारली.

काय चुकलं होतं तिचं? युलिएत अवघी बावीस वर्षांची, आठवा महिना लागलेला. रक्तात साखर वाढलेली, वर बीपी. गेल्या वर्षीचं पहिलं मूल असंच आठव्या महिन्यात, शहरातल्या दवाखान्यात, जन्मायच्या आधीच गेलं होतं. हे दुसरं तरी पदरात पडावं म्हणून एदिल्मा जिवाचं रान करत होती. मीठ बंद, गूळ बंद, उकडलेलं केळं अर्धंच, मासा हवा तेवढा. तक्ता करून दिला, भिंतीला चिकटवून दिला.

पण युलिएतच्या घरापासून केंद्रापर्यंत अकरा घरं. गरोदर बाई दारावरून गेली आणि घरात काही शिजत असलं, तर तिला दिल्याशिवाय खायचं नाही, ही गावाची रीत. एका दारात गूळपाणी, दुसऱ्या दारात पेरूची वडी, तिसऱ्यात तळलेलं केळं नि त्यावर खारट चीज. सकाळी उपाशी पोटी तपासायला ये म्हटलं, की ही बाई अकरा घरचं जेवून हजर!

"अगं, नाही म्हणता येत नाही का तुला?" एदिल्माने कपाळावर हात मारला.

"मी नाही म्हटलं, तरी त्यांना वाटणार की त्यांनी दिलं नाही. मग रांजणवाडीच्या धास्तीने झोपणार नाहीत, सिस्टर."

शेवटी एदिल्माच उजाडता उजाडता तिच्या घरी जायला लागली, बोट टोचून साखर मोजायला. तर तिथे सासू, एनेइदाबाई, आधीच उठून गूळपाण्याचा पेला सुनेच्या हातात देऊन बसलेली.

"एनेइदाबाई, हे विष आहे तिला!"

"माझ्या हातचं विष? तीस वर्षं मी या घराला हेच पाजलंय."

"साखर एकशे अठ्ठेचाळीस आली आहे. उपाशी पोटी पंच्याण्णवच्या आत हवी!"

"तुझं यंत्र काय पोटातल्या बाळाची भूक मोजतं? आणि तू आधी तो डोळा बघ आरशात."

एदिल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुजलेल्या डोळ्याने धड रागाने बघताही येत नव्हतं.

मंगळवारी मात्र ती पोचली तेव्हा पेला जमिनीवर सांडला होता आणि युलिएत डोकं धरून खाटेवर बसली होती. डोकं फुटतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली. एदिल्माने दंडाला पट्टा गुंडाळला. वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे बारा. पुन्हा मोजलं. तेच.

तिने झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली, हाताला सलाईन लावलं आणि युलिएतच्या नवऱ्याला हाक मारली. "विल्फ्रिदो, होडीचं इंजिन चालू कर. शहरात न्यायचंय हिला, आत्ता."

विल्फ्रिदो आईकडे बघत उभा राहिला. एनेइदाबाई दार अडवून उभी होती.

"त्या दवाखान्यात माझी सून जाणार नाही. मागच्या वेळी गेलो आणि रिकाम्या हातांनी परत आलो."

"इथे ठेवलीत तर दोघंही जातील! बाई, अहो, हात जोडते मी!"

"जोड. मी हलणार नाही."

आरडाओरडा ऐकून शेजारणी अंगणात गोळा झाल्या होत्या. विल्फ्रिदो अजून जागचा हलला नव्हता. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"आई, मला डोहाळे लागलेत."

एनेइदाबाई गर्रकन वळली. "काय हवं, बाळा? सांग."

"शहरातला दवाखाना," युलिएत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता हवा."

अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक शेजारीण हळूच म्हणाली, "एनेइदा, नाही म्हणू नकोस गं बाई." एनेइदाबाईने एकवार एदिल्माच्या लाल डोळ्याकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली.

होडीत युलिएत कुशीवर निजली होती. सलाईनची बाटली एनेइदाबाईने हात उंच करून धरली होती. कुणी सांगितलंही नव्हतं. एदिल्मा दर थोड्या वेळाने बीपी मोजत होती. खालचं आता एकशे आठ.

एनेइदाबाई पाण्याकडे बघत बोलली. "मागच्या वेळी कैरी मागितली होती हिने. ऊन फार होतं. मी म्हटलं, उद्या आणते." तिने बाटली आणखी उंच धरली. "तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. मी एक कैरी दिली नाही, एदिल्मा."

महिनाभर जिच्या नावाने बोटं मोडली, तिच्याकडे एदिल्मा बघत राहिली. सुजलेल्या डोळ्यातून पाणी आलं, ते रांजणवाडीचं नव्हतं.

"कैरीने नाही गेलं ते," ती म्हणाली. "मागच्या वर्षी माझ्याकडचा बीपीचा पट्टा फाटलेला होता, दीड महिना. हिच्या पायांवर सूज दिसत होती मला. नवा पट्टा यायचा होता. मी रोज म्हणायची, उद्या येईल, उद्या मोजू. तेव्हाच शहरात पाठवायला हवी होती, मी पाठवली नाही."

एनेइदाबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आता ही मला नदीत ढकलणार, असं एदिल्माला वाटलं, आणि ढकललं असतं तरी ती काही बोलली नसती.

एनेइदाबाईच्या हातातली बाटली तसूभरही खाली आली नाही.

"मोज पुन्हा," ती एदिल्माला म्हणाली. मग मागे वळून लेकावर ओरडली, "आणि तू रे विल्फ्रिदो, झोपलास काय? होडी जोरात हाक!"