निरंकचा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर एकच शब्द आहे, 'निरंक'. म्हणजे कळवण्यासारखे काही नाही. एका शिक्केवाल्याने जीव लावून माझी अक्षरे कोरली, लाकडी मूठ बसवली आणि मला पोलीस ठाण्यात पोचवले.

ठाण्यातून दर महिन्याला सरकारकडे एक तक्ता जाई. कोणाचा धर्म, भाषा, रंग किंवा जन्म यांच्या द्वेषापोटी किती गुन्हे घडले, तो आकडा त्यात भरायचा असे. कारकून मला शाईत टेकवत आणि त्या रकान्यात दाबत. अकरा वर्षे हेच चालले. "आपल्याकडे तसलं काही नाही," असे साहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगत. गावाची अब्रू आपणच राखतो, असे वाटून मीही फुगून जाई.

मग नव्या कारकूनबाई आल्या. मला उचलण्याआधी त्या महिन्याभराच्या तक्रारी वाचायला बसत. पहिल्याच महिन्यात ठाण्याजवळच्या गल्लीतल्या एक शिंपीणबाई तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांच्या दुकानाची काच आधी दोनदा फुटली होती, आणि दोन्ही वेळा 'खोडसाळपणा' एवढेच लिहिले गेले होते. या खेपेला वीट आत बसलेल्या त्यांच्या सासऱ्यांना लागली. त्यांचा एक डोळा गेला.

कारकूनबाईंनी शिंपीणबाईंना खुर्ची दिली आणि विचारले, वीट मारताना ती माणसे काय म्हणत होती? हे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

शिंपीणबाई खालमानेने म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी इथं राहायचं नाही, म्हणाले. तिन्ही वेळा हेच. मी सांगत होते, पण ते लिहायला जागा नाही, असं इथले लोक म्हणायचे."

जागा होती, मित्रांनो. तिच्यावर मी बसलो होतो.

कारकूनबाईंनी मला बाजूला सारले आणि आधीचे दोन गुन्हेही धरून त्या रकान्यात पेनाने 'तीन' लिहिले. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण धास्तावले. शेजारची सगळी ठाणी निरंक पाठवतात, आपलेच नाव खराब होईल, असे त्यांनी परोपरीने समजावले.

"साहेब, नाव पहिली काच फुटली तेव्हाच खराब झालं," बाई म्हणाल्या. "आपण फक्त लिहितोय."

साहेबांनी तक्ता पुढे ओढला आणि सही केली.

त्यांची भीती खरी ठरली. वर्षाचा अहवाल छापून आला, त्यात आजूबाजूला सगळी शून्ये आणि आकडा तेवढा आमचा. वर्तमानपत्रांनी आमचेच गाव द्वेषाचे ठरवले. बदनामी केली म्हणून गल्लीने शिंपीणबाईंकडे कपडे टाकायचे बंद केले. कारकूनबाईंची बदली झाली. त्या निघाल्या त्या दिवशी शिंपीणबाई आल्या आणि अहवालाचे पान उघडून त्यांनी विचारले, "हे तीन म्हणजे आमचेच ना?"

"तुमचेच."

शिंपीणबाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवले. कितीतरी वेळ ते उचलले नाही.

आता मी पुन्हा एका नव्या हातात आहे, आणि तो हात न वाचताच मला दाबतो. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मला उचलण्याआधी समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारा आणि त्याचे पुरते ऐकून घ्या. मग मी कपाटात वाळून गेलो तरी चालेल.