सहाव्या फेरीचा फॉर्म

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तुरुंगातून सुटलेल्या तीनशे माणसांची दारं मी नुसत्या कडीच्या आवाजावरून ओळखत असे. आमच्या संस्थेचा अभ्यासच तसा होता. दर सहा महिन्यांनी एक फेरी. राहतो कुठे, काम आहे का, पुन्हा आत गेला का, एवढं घरी जाऊन विचारायचं आणि फॉर्म भरायचा. ‘काम सुटलं’ असं लिहिलं, की फॉर्म मदतीच्या टेबलावर जाई आणि तिथल्या बाई आठवडाभरात त्या माणसाला कुठंतरी कामाला चिकटवून देत.

निवृत्तीनंतरही मी कार्यालयात जाऊन गप्पा हाणत बसे. एकदा तिथं आमच्या यादीतल्या एका सुताराची थोरली बहीण आली. भाऊ चोरीत पुन्हा आत गेला होता आणि आजारपणात तिथंच वारला होता.

“काका, शेवटच्या फेरीत तो काय बोलला, तेवढंच सांगा. पुढं पुढं आमच्याशी बोलणं टाकलंच होतं त्यानं.”

बाईंनी फॉर्म काढून तिच्या हातात दिला. अक्षर माझंच. ‘कामावर आहे, खूश आहे.’ त्या फेरीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मी चहाच्या दुकानात बसून पाचव्या फेरीचंच सहावीत उतरवलं होतं. पण जीभ ऐकते थोडीच!

“काय सांगू ताई! कारखान्यात गेलो, तर पठ्ठ्या रंधा मारतोय. मला म्हणाला, बसा, तुम्हाला खुर्ची करतो. माझा चहा संपायच्या आत खुर्ची तयार!”

“पाय किती होते हो तिला?” बाईंनी टोमणा मारला.

“तीन. चौथा पुढच्या फेरीला देणार होता.”

बहीण रडता रडता हसली. तिथंच थांबायला हवं होतं. लाज वाटत होती, तरी मी पुढं रेटलं, “आणि म्हणाला, ताईला सांगा, माझी काळजी करू नकोस.”

तिनं डोळे पुसले. फॉर्मवरची तारीख वाचली. पुन्हा वाचली.

“काका, तेव्हा त्याचं काम सुटून महिना झाला होता. दिवसभर खिडकीत बसायचा. मी म्हटलं, तूच जा की संस्थेत. तर म्हणाला, लाज वाटते, काका येतीलच.” तिनं फॉर्म माझ्यापुढं ठेवला. “खोटं बोलताय तुम्ही. तुम्ही आलाच नव्हतात.”